डक्ट कूलर, दोन म्हातारे स्प्लिट आणि ऑइल हीटर: सगळं काढून हीट पंप बसवावा का?

त्रिमूर्तीनगर_४६

घर नागपुरातलं, तळमजला अधिक एक, २००६चं बांधकाम. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि आईबाबांची १२ बाय १४ची खोली. वर दोन बेडरूम, दोन्ही १२ बाय १४, एक पश्चिमेची. दोघींच्या डोक्यावर थेट उघडी गच्ची.

आत्ताची व्यवस्था: गच्चीवर दीड एचपीचा डक्ट कूलर, तीन बाजूंना वुडवूलच्या ताट्या. त्याचा पत्र्याचा डक्ट जिन्याकडून खाली येतो आणि चार ठिकाणी जाळ्या उघडतात. वरच्या दोन्ही बेडरूममध्ये २००९चे दीड टनी, जुन्या आर-२२ गॅसवरचे स्प्लिट एसी. त्यातल्या एकात दर मार्चमध्ये गॅस भरावा लागतो. पाइपिंग भिंतीत गाडलेलं आहे. हिवाळ्यात आईबाबांच्या खोलीत २००० वॉटचा ऑइल हीटर. दोन बाथरूमला १५-१५ लिटरचे गिझर.

दोन सल्ले मिळाले आहेत. एक ठेकेदार म्हणतो की कूलर काढा, त्याच डक्टला ५ टनाचा डक्टेबल हीट पंप (उलटं चालून खोली गरमही करणारा एसी) जोडून देतो, उन्हाळा-हिवाळा दोन्ही निपटले. दुसरा म्हणतो, तीन 'हॉट अँड कोल्ड' इन्व्हर्टर स्प्लिट लावा.

प्रश्न असे: जुना डक्ट चालेल का? वर दीड टन घ्यावा की दोन टन? भिंतीतल्या पाइपा नव्या मशीनला वापरता येतील का? आणि नागपूरच्या दीड-दोन महिन्यांच्या थंडीसाठी 'हॉट'चे जास्तीचे पैसे घालण्यात अर्थ आहे का? गिझरच्या जागी हीट पंपवालं पाणी तापवण्याचं यंत्र घ्यावं का, हेही सांगा.

धरमपेठ_डक्टवाला

पहिल्या ठेकेदाराला चहा पाजा अन् परत पाठवा. कूलरचा डक्ट एसीला जोडायचा नसतो, भाऊ.

कूलर बाहेरची हवा ओढतो, ओली करतो, घरात ढकलतो आणि ती खिडक्यांतून निघून जाते. म्हणून त्याच्या डक्टला परतीची वाटच नसते. एसी किंवा हीट पंप खोलीतलीच हवा फिरवतो. रिटर्न डक्ट नसेल तर मशीन गच्चीवरची ४४ अंशांची हवा ओढणार, किंवा सगळी ओढ जिन्यातून काढावी लागणार. मग बेडरूमची दारं लावली की हवा फिरणं बंद. रिटर्न काढायचा म्हटलं तर फॉल्स सीलिंग आलं, तोडफोड आली.

दुसरं माप हवेचं. घरभर डक्ट असलेला कूलर सहज ६००० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा टाकतो. एसीला टनामागे साधारण ४०० लागतात, म्हणजे ५ टनाला २०००. तोच डक्ट, हवा एक तृतीयांश. शेवटच्या जाळीपाशी हात धरला तरी झुळूक लागणार नाही.

तिसरं, तो पत्रा नागडा असतो. गच्चीवरचा भाग मे महिन्यात हात लावू देत नाही, त्यामुळे थंडावा वाटेतच संपतो. जुलैत उलटं. डक्टमध्ये १४-१५ अंशांची हवा आणि बाहेरच्या हवेचा दवबिंदू २४च्या आसपास, म्हणजे सगळा पत्रा घामेजतो आणि छतावर पिवळे डाग पडतात.

स्प्लिटच लावा. पण कूलर काढू नका, निदान हॉलचा तरी ठेवा. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ दिवसांत, ४४ अंश आणि कोरडी हवा असते, तेव्हा ओल्या बल्बचं तापमान (पाणी उडवून हवा जास्तीत जास्त जिथवर गार होते ते) २३च्या आसपास राहतं. ताट्या चांगल्या असतील तर कूलर त्या फरकाचा ८० टक्के खातो: ४४ वजा साधारण १७, म्हणजे २७-२८ अंशांची हवा. एवढ्या मोठ्या हॉलला एवढ्या कमी विजेत दुसरं काहीच ही हवा देत नाही. मृग लागला की मात्र तो नुसता दमट पंखा.

एक हिशोब लोक विसरतात, पाण्याचा. ६००० सीएफएमचा कूलर अशा दुपारी तासाला ७०-८० लिटर पाणी उडवतो. डक्टच्या बेडरूमच्या फांद्या बंद करून एकट्या हॉलला छोटा कूलर दिला तर हे पाणी तिसऱ्या हिश्श्यावर येईल.

त्या फांद्या बंद करायच्या म्हणजे खरोखर बंद. जाळीच्या पट्ट्या मिटवून भागत नाही, त्यांच्या फटींतून बोट जातं. जाळी काढा, मापाचा दोन इंची एक्सपीएस (दाट फोमचा) बोर्ड आत बसवा, कडेने अॅल्युमिनियम टेप मारा आणि जाळी परत लावा. हे नाही केलं तर उन्हाळ्यात एसीची हवा डक्टमधून पळेल, अन् डिसेंबरात गच्चीवरची थंड हवा त्याच भोकातून पलंगावर उतरेल.

गच्ची_आणि_स्लॅब

दीड की दोन टन, याचं उत्तर मशीनच्या दुकानात नाही, तुमच्या गच्चीवर आहे.

१२ बाय १४ म्हणजे साधारण १५.६ चौरस मीटर स्लॅब. सहा इंची काँक्रीट, खाली प्लास्टर, वर काही नाही, तर एक अंश फरकाला चौरस मीटरमागे अंदाजे ३.३ वॉट उष्णता आत येते. मेच्या दुपारी ऊन खाल्लेल्या काळपट गच्चीचं परिणामी तापमान ६५च्या घरात जातं. खोली २५वर ठेवायची म्हणजे फरक ४० अंश. गुणाकार केला तर २०५० वॉट. एक टन म्हणजे ३५१७ वॉट. म्हणजे एकटा स्लॅब अर्ध्या टनाहून जास्त खातो! शिवाय काँक्रीट ही उष्णता चार-सहा तास धरून ठेवतं आणि नेमकं रात्री जेवण करून वर गेलात की तोंडावर सोडतं.

त्याच स्लॅबवर ५० मिमी एक्सपीएस टाकून वरून स्क्रीड आणि पांढरा चिनी मोझेक केला, तर आकडा ३०० वॉटच्या आसपास येतो. नुसता परावर्तक पांढरा रंग मारला तरी हजार-बाराशेपर्यंत उतरतो, पण तो दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा मारावा लागतो आणि धूळ बसली की गुण कमी होतो. उन्हाळ्याआधी एकदा गच्ची धुवून घ्या. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या बाजूला असाल तर राखेमुळे जास्त वेळा.

आता लेबल. यंत्राची टनातली क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते. आपल्याकडे ४५ला ती साधारण १० ते २० टक्के घसरते. म्हणून दीड टनाची मशीन ऐन नवतपात सव्वा टनाचं काम करते. तांत्रिक पत्रक मागा आणि ४६ अंशांना किती वॉट थंडावा मिळतो ते पाहा. हा आकडा छापणारी कंपनी निवडा, न छापणारी सोडा. 'बाहेर ५२ अंशांपर्यंत चालते' एवढ्याने फसू नका. चालणं वेगळं, गार करणं वेगळं.

स्लॅब सुधारणार असाल तर वर दीड टन पुरे, पश्चिमेच्या खोलीलाही. त्या खिडकीला बाहेरून चिक किंवा छज्जा द्या, आतल्या पडद्याने काम होत नाही. स्लॅब तसाच ठेवून दोन टन घेतलात तर मे निघून जाईल, पण ऑगस्टमध्ये मशीन गरजेपेक्षा मोठी पडेल. इन्व्हर्टरसुद्धा एका मर्यादेखाली मंदावत नाही. मग ती चालू-बंद करत राहते, हवा गार होते पण कोरडी होत नाही, अन् चादर दमट लागते. खालच्या खोलीवर मजला आहे, तिला एक टन.

स्टार लेबलबद्दल एकच गोष्ट. त्यावरचा आयएसईईआर हा आकडा फक्त थंडाव्याचा आहे, २४ ते ४३ अंश आणि वर्षाला १६०० तास धरून काढलेला. गरम करण्याची कार्यक्षमता त्यात नाही. ती पत्रकात वेगळी बघावी लागते.

त्रिमूर्तीनगर_४६

डक्टचा नाद सोडला. स्लॅबचं काम फेब्रुवारीत धरतो. 'हॉट' आणि जुन्या पाइपांबद्दल सांगा. आणखी एक, दुकानदार दाखवतो ती सगळीच 'हॉट अँड कोल्ड' मशीनं हीट पंप असतात का?

व्हॅक्यूम_आधी

सगळी नसतात. काहींत नुसती गरम तार असते, म्हणजे तुमचा ऑइल हीटरच भिंतीवर टांगलेला. ओळखायची सोपी युक्ती: मशीनच्या पट्टीवर हीटिंगचे दोन आकडे असतात, क्षमता आणि विजेचा वापर. क्षमता ३६०० वॉट आणि वापर १००० असेल तर हीट पंप. दोन्ही आकडे सारखे असतील तर तार. हीट पंपमध्ये आउटडोअरमध्ये चार तोंडांचा रिव्हर्सिंग वाल्व्ह असतो, तो गॅसची दिशा उलटवतो. कूलिंगच्याच मशीनला तो मागाहून बसवून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

हिशोब करा. आईबाबांच्या खोलीला थंडीच्या रात्री सरासरी दीड किलोवॉट उष्णता, सहा तास, ६० रात्री. झाले ५४० युनिट. ऑइल हीटर ते सगळे बिलातून घेतो. हीट पंप बाहेरच्या १० अंशांच्या हवेतून उष्णता ओढतो, एका युनिटला साडेतीन देतो, तर १५५ युनिट लागतील. वाचले ३८५. ते तुमच्या बिलातल्या सगळ्यात वरच्या टप्प्याच्या दराने गुणा. वरच्या खोल्यांत रजईवर भागत असेल तर तिथे साधी कूलिंगची मशीन घ्या. सरसकट तीन 'हॉट' घ्यायची मला गरज दिसत नाही. खालच्या खोलीला मात्र घ्याच.

हीट पंपमधून ४०-४५ अंशांची हवा येते, हीटरसारखी लालबुंद धग नाही. आईबाबा पहिल्या दिवशी 'हे तापतच नाही' म्हणतील. झोपायच्या अर्धा तास आधी चालू करायचं, २२-२३वर ठेवायचं, आणि पट्ट्या पूर्ण खाली. नाहीतर गरम हवा छताला चिकटून बसते. सुरुवातीची दोन-चार मिनिटं इनडोअरचा पंखा मुद्दाम फिरत नाही, कॉईल तापायची वाट बघतो. आपल्याकडे डीफ्रॉस्ट (आउटडोअरवर जमलेला बर्फ वितळवणं) फार क्वचित. पहाटे ७-८ अंश आणि धुकं असेल तर होईल. तेव्हा आउटडोअर 'फस्स' करतं आणि काही मिनिटं गरम हवा थांबते. तो बिघाड नाही.

आता पाइपा. माझं मत स्पष्ट आहे: गाडलेल्या जुन्या पाइपा तशाच सोडा, नव्या बाहेरून टाका.

कारण आर-२२मध्ये खनिज तेल असायचं, नव्या मशीनच्या आर-३२ गॅसच्या कॉम्प्रेसरला वेगळं कृत्रिम तेल लागतं. जुनं तेल पाइपात चिकटून राहतं, नव्यात नीट मिसळत नाही आणि गाळ होऊन एक्स्पान्शन वाल्व्हच्या बारीक भोकाशी अडकतो. दाबातही फरक आहे. ५० अंशांना आर-२२चा दाब १९-२० बार, आर-३२चा ३१च्या आसपास. जुन्या पाइपांची जाडी बहुतेक कुणी मोजलेली नसते. नव्याला ०.८ मिमी हवी. त्यात तुमच्या एका मशीनचा गॅस दर वर्षी जातो, म्हणजे ती गळती भिंतीतही असू शकते.

दीड टनाला पाव इंच आणि अर्धा इंच अशी जोडी असते, एक टनाला मॉडेलप्रमाणे पाव आणि तीन अष्टमांश. मशीन बसवायच्या दिवशी समोर उभं राहून पाहायच्या गोष्टी सांगतो.

पाइप कापल्यावर आतली धार खरडून काढली का? कापलेलं तोंड खाली धरून खरडायचं, म्हणजे तांब्याचा कीस आत पडत नाही. फ्लेअरच्या (पाइपाच्या पसरवलेल्या तोंडाच्या) पाठीवर तेलाचा थेंब, आणि नट टॉर्क पान्याने: पाव इंचीला १४ ते १८ न्यूटन-मीटर, अर्धा इंचीला ५० ते ६०. आपल्याकडचे बरेच जण मनगटाच्या अंदाजाने पाव इंची इतका आवळतात की फ्लेअर पातळ होतो आणि सहा महिन्यांनी तिथूनच गॅस जातो.

मग गळती तपासायला पाइपात नायट्रोजन, ५०० पीएसआय दाबाने, निदान रात्रभर. इथे एक गंमत आहे. संध्याकाळी ४० अंशांत भरला आणि पहाटे २६ अंशांत वाचला, तर नुसत्या तापमानाने २०-२५ पीएसआय उतरतात. अंशाला साधारण पावणेदोन पीएसआय धरा. त्याहून जास्त उतरला तर साबणाचं पाणी घेऊन सांध्यांवर बसा.

त्यानंतर व्हॅक्यूम, म्हणजे पाइपातली हवा आणि ओल पंपाने ओढून काढणं. पंपाला मायक्रॉन गेज लावलेला हवा. साधा घड्याळी गेज उणे ३०वर गेला म्हणजे झालं, असं नसतं, पाण्याची वाफ त्याला दिसत नाही. ५०० मायक्रॉनखाली न्यायचं, पंप तोडून १० मिनिटं थांबायचं. आकडा थोडा चढून थांबला तर ओल आहे, अजून ओढा. चढतच राहिला तर गळती. 'आउटडोअरचा गॅस जरा सोडून हवा काढतो' म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. मशीनमध्ये मोजून भरलेला गॅस वाया जातो, हवा आणि ओल आत राहते, आणि आर-३२ थोडा ज्वलनशील आहे, बंद खोलीत सोडण्याची वस्तू नाही.

पाइप ठरलेल्या लांबीपेक्षा जास्त झाला तर जादा गॅस वजनकाट्यावर मोजून. मीटरमागे किती ग्रॅम, ते मशीनच्या पुस्तिकेत असतं, बहुधा १५-२०. इन्व्हर्टरमध्ये दाब बघून गॅस भरणं म्हणजे डोळे मिटून मीठ टाकणं.

जुन्या मशीनचा गॅस हवेत सोडू देऊ नका. कॉम्प्रेसर चालू आहे, तर कूलिंगवर ठेवून आधी बारीक पाइपाचा वाल्व्ह बंद, दाब शून्याजवळ आला की जाड्याचा बंद, लगेच स्विच बंद. गॅस आउटडोअरमध्येच अडकतो आणि मशीन तशीच अधिकृत ई-कचरा वाल्याकडे किंवा एक्स्चेंजमध्ये जाते. ३१ डिसेंबर २०२४ नंतर भारतात आर-२२सारख्या गॅसवर नवी यंत्रं बनवायला बंदी आहे. गॅस दुरुस्तीसाठी मिळतो, पण त्या गळक्या मशीनवर आता पैसा नका घालू.

वायरमन_महाल

विजेचं कुणी बोलूनच नाही राहिलं.

दीड टनी मशीनच्या पत्रकातला दीड किलोवॉट ३५ अंशांचा आहे. ४५ला तीच मशीन १.८ ते २ घेते. दोन दीड टनी, एक एक टनी, वर पाण्याचा पंप, फ्रिज, कूलर. सिंगल फेज असेल तर आधी महावितरणकडे मंजूर भार वाढवून थ्री फेज करा, आणि तीन एसी तीन फेजवर वाटा. प्रत्येकाला बोर्डापासून थेट ४ चौ. मिमी तांब्याची वेगळी वायर, सी कर्व्हचा २० अँपिअरचा एमसीबी. १६ अँपिअरच्या प्लगवर दीड टन ठेवू नका. रात्रभर ८-९ अँपिअर वाहून पिना सैल होतात, प्लगचं प्लास्टिक तपकिरी होतं, मग वास येतो. डीपी (दोन्ही तारा एकदम तोडणारा) स्विच घालून वायर सरळ जोडा. अर्थिंगचा रोध मोजून घ्या. उन्हाळ्यात जमीन सुकली की जुना अर्थिंगचा खड्डा कामातून जातो, त्यात पाणी टाकत जा.

आउटडोअर पश्चिमेच्या भिंतीवर नको. उत्तर किंवा पूर्व. गच्चीवरच ठेवायचं असेल तर वर दोन फुटांवर पत्रा, पण चारही बाजू मोकळ्या. मागे अर्धा फूट, पुढे तीन फूट. लोक चोरीच्या भीतीने बारीक जाळीचा पिंजरा करतात, त्यात कडुनिंबाचा पाला अडकतो अन् मशीन आपलीच गरम हवा पुन्हा ओढते.

त्रिमूर्तीनगर_४६

मंजूर भाराचा अर्ज करतोय. उरला गिझर.

गच्ची_आणि_स्लॅब

गिझरच्या बाबतीत मी उलटं बोलतो. हीट पंपवालं वॉटर हीटर उत्तम यंत्र आहे, पण तुमच्यासाठी नाही.

२०० लिटर पाणी २० वरून ५० अंशांवर न्यायला ७ युनिट उष्णता लागते. गिझर ७ युनिट घेईल, हीट पंप दोन. रोज पाच युनिटची बचत ऐकायला गोड वाटते. पण नागपुरात मार्च अखेरपासून गच्चीवरच्या टाकीचं पाणीच दुपारी हात भाजतं, तेव्हा गिझर कोण लावतो? खरा वापर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि पावसाळ्यात थोडा. चार माणसांना २०० लिटर लागतही नाही. हॉस्टेल, लॉज, दवाखाना असेल तर डोळे मिटून घ्यावं.

बोअरचं पाणी असेल तर आणखी सावध. आपल्याकडचं बोअर जड आहे. टाकीत मॅग्नेशियमचा दांडा असतो, तो टाकीऐवजी स्वतः गंजतो. वर्ष-दीड वर्षात काढून पाहायचा, पेन्सिलीएवढा उरला की बदलायचा. हे काम कुणी करत नाही, मग टाकी गळते. तुमचे गिझर चांगले असतील तर तेच ठेवा, ५० अंशांवर ठेवा, कॉईलचा चुना काढून घ्या.

व्हॅक्यूम_आधी

ड्रेनची एक गोष्ट राहिली. मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की इनडोअरमधून पाणी जवळपास येतच नाही. लोकांना वाटतं मशीन बिघडली. बिघडलेली नसते. पण त्या दोन महिन्यांत ड्रेन पाइपात कोळी जाळं करतो, धूळ बसते, आणि पहिल्या पावसानंतरच्या दमट रात्री पाणी भिंतीवरून आत उतरतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात ट्रेमध्ये एक लिटर पाणी ओतून बाहेर तेवढंच येतं का पाहा. पाइपाला सलग उतार हवा, मध्ये पोट सुटलेलं नको.

त्रिमूर्तीनगर_४६

आईबाबांच्या खोलीचं आउटडोअर पूर्वेच्या भिंतीवर बसेल. त्याच्या बरोबर खाली शेजाऱ्यांची स्कूटर उभी असते. काही अडचण?

व्हॅक्यूम_आधी

आहे. हीटिंगवर असताना पाणी इनडोअरऐवजी आउटडोअरमधून गळतं, रात्रभर थेंब थेंब. आउटडोअरच्या तळाला एक भोक असतं आणि खोक्यात प्लास्टिकचा एक छोटा एल्बो येतो. आपल्याकडे हीटिंग कुणी वापरत नाही म्हणून बसवणारे तो पिशवीसकट फेकून देतात. मागून घ्या, बसवा, त्याला पाऊण इंची पाइप जोडून कुंडीत सोडा.